एकशे पासष्ट

ओट्यावर एक टर्की होती, साडेसहा किलोंची, पाय दोऱ्याने एकत्र बांधलेली. शिळ्या पावाचे दोन मोठे लोफ होते, हाताने कुस्करून पातेल्यात टाकलेले. सात कांदे, सेलरीची एक जुडी, लोण्याच्या चार कांड्या, ताटलीत सेज नावाच्या सुगंधी झुडपाची वाळलेली पानं. क्रॅनबेरी या आंबट लाल फळांच्या दोन पिशव्या. बटाटे पंचवीस, त्यातले अकरा सोललेले. गोडाचे दोन डबे शेजारणीकडून आले होते आणि ते जेवणाआधी उघडायचे नाहीत अशी ताकीद होती. माणसं दोन, मी आणि निनाद आगाशे. त्यातल्या एकाने जन्मात कधी मांसाला हात लावला नव्हता, आणि टर्की त्याच्याच ताब्यात होती.

निनादने लॅबमधले निळे ग्लव्हज चढवले होते. तो टर्कीकडे बघत नव्हता. वरच्या कपाटाला चिकटवलेल्या कृतीच्या कागदाकडे बघत होता.

‘‘आत हात घालायचाय?’’

‘‘हो दादा. आत एक पिशवी असते. मान, काळीज वगैरे. ती काढून टाकायची.’’

‘‘तू काढ ना, प्रांजल.’’

मी काढली. तेवढा वेळ तो खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत उभा राहिला. मग पाव, कांदा, सेलरी आणि सेज लोण्यात परतून केलेलं सारण मी त्या पोकळीत भरलं, आणि तो ओव्हनच्या बटणांशी खेळत मला समजावत राहिला की दर किलोमागे किती उष्णता लागेल, याचं गणित त्याने आधीच करून ठेवलंय.

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला असलेलं ते छोटं गाव. घर आमच्या गाईडचं, डॉ. हेलन रॉस्टॅड यांचं. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, अमेरिकेत सगळं बंद असतं आणि लोक आपापल्या माणसांत जेवायला जातात. ज्यांना तिथे माणसं नाहीत अशा आम्हा विद्यार्थ्यांना हेलन दरवर्षी घरी बोलवायची आणि सगळा स्वयंपाक स्वतः करायची. त्या वर्षी ती दारातल्या पायरीवर घसरली. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

आदल्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये तिने विचारलं होतं की टर्की कोण करेल. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. लॅबमधल्या लोकांत घरी मांस शिजवून खाणारी आणि त्याबद्दल बोलणारी मीच होते. कऱ्हाडला आमच्याकडे दर रविवारी कोंबडी असायची. ती मी साफ करायची आणि आईने शिजवायची.

मी म्हटलं, हे सगळं शेवटी तापमानाचं काम आहे, आणि तापमानाचं काम निनादपेक्षा चांगलं कोण करणार? मी हाताखाली राहीन.

हेलन हसली. निनाद आधी जरा गांगरला, मग खुर्चीत सरळ बसला. ‘‘करू शकतो,’’ तो म्हणाला. ‘‘का नाही?’’

त्याला ‘दादा’ मी पहिल्याच आठवड्यापासून म्हणत होते, कारण त्यानेच तसं सांगितलं होतं. विमानतळावर मला घ्यायला आला होता. पहिलं ब्लँकेट त्याने दिलं, बसचा पास त्याने काढून दिला. पुण्याचा होता, लॅबमध्ये माझ्या चार वर्षं पुढे. हेलनचा त्याच्यावर आईचा असावा तसा विश्वास होता.

आमचं काम एकाच एन्झाइमवर होतं. गरम पाण्याच्या झऱ्यातल्या एका जिवाणूचं ते एन्झाइम, आणि ते नेमकं कोणत्या तापमानाला मोडतं, हा प्रश्न. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि उत्तर जुळलं पाहिजे, अशी हेलनची पद्धत. माझं उत्तर अठ्ठावन्न अंश सेल्सियस आलं. त्याचं चौसष्ट. मी पुन्हा मोजलं. पुन्हा अठ्ठावन्न. तिसऱ्यांदाही तेच.

दोघांकडे दोन थर्मामीटर होते. माझा लॅबने दिलेला, त्याचा स्वतःचा, बारीक पोलादी सुईचा, परदेशी बनावटीचा, सर्टिफिकेटसकट घेतलेला. तो शर्टाच्या खिशात पेनासारखा अडकवलेला असायचा आणि शुद्ध केलेल्या पाण्याशिवाय कशातही बुडायचा नाही. मी त्याला म्हटलं, दादा, दोन्ही बर्फाच्या पाण्यात घालून बघू. बर्फ वितळतं तिथे शून्य आलं पाहिजे, ज्याचं येणार नाही त्याचा चुकतोय. पाच मिनिटांचं काम.

‘‘ते शाळेतल्या मुलांचं काम,’’ तो म्हणाला.

मी माझा एकटीने तपासला. शून्य आलं. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, नळाच्या पाण्याचा बर्फ असेल, त्याचा काय भरवसा? मग जरा थांबून, अगदी प्रेमाने म्हणाला, ‘‘तुमच्याकडे चालत असेल गं अंदाजाने. चिमूटभर हे, मूठभर ते. इथे आकडे लागतात.’’

‘तुमच्याकडे’ म्हणजे कऱ्हाडला, की आणखी कुठे, हे मी विचारलं नाही. माझं आडनाव लोहार आहे.

नंतर कळलं, त्याने हेलनला सांगितलं होतं की दोन्ही थर्मामीटर त्याने स्वतः बर्फात तपासलेत. त्याचा बरोबर आहे, प्रांजलचा सहा अंश कमी दाखवतो. मी हेलनकडे गेले. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, ‘‘तो म्हणतो तपासलंय, तू म्हणतेस नाही. मी काय तुमच्या दोघांत शिट्टी घेऊन उभी राहू?’’ माझी दोन सेमिस्टरची मोजमापं बाजूला ठेवली गेली. त्याची एका जर्नलकडे निघाली. आणि हेलनने मला अगदी हळुवारपणे सांगितलं की थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर बसून बोलू. पीएचडी सगळ्यांसाठी नसते. मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडण्यात काही कमीपणा नाही.

मला खात्री होती. पुरावा नव्हता. तो त्याच्या खिशात होता आणि तिथून तो काढत नव्हता.

हेलनच्या घरात एक रीत होती. तिचा नवरा जिवंत असताना टर्की बाहेर आली की सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलवायचा, मांडीच्या सगळ्यात जाड भागात थर्मामीटर खुपसायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा. एकशे पासष्ट फॅरनहाइट झाल्याशिवाय सुरीला हात लावायचा नाही. आकडा वाचला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आपल्याकडे आरती झाल्याशिवाय पानं वाढत नाहीत, तसंच. तो गेल्यावरही हेलनने ही रीत मोडली नव्हती. फक्त त्याच्या जुन्या डायलच्या थर्मामीटरचा काटा आदल्या वर्षी अडकून बसला होता.

हेही मीच सुचवलं होतं. निनादकडे इतका चांगला थर्मामीटर आहे, शुद्ध पाण्याशिवाय कशाला लागलेला नाही, स्पिरिटने पुसून घेतला की झालं. हेलनला कल्पना फारच आवडली. निनादलाही.

दुपारभर ओव्हन चालू होता. घरभर लोण्याचा आणि सेजचा वास पसरला. मी क्रॅनबेरी साखरेत आटवली, बटाटे कुस्करले. निनाद मधूनमधून ओव्हनचं दार उघडायचा आणि तोंड बाजूला वळवून, लांब चमच्याने टर्कीवर तिचाच रस सोडायचा. स्वतःसाठी त्याने डब्यात पुलाव आणला होता. मी त्याला विचारलं, वास सहन होतोय ना? तो म्हणाला, ‘‘विज्ञानासाठी काय काय करावं लागतं.’’

मला त्याची कीव येईल असं वाटलं होतं. आली नाही.

हेलनचे वडील, अर्ल, अधूनमधून दारात येऊन उभे राहायचे. चौऱ्याऐंशी वर्षांचे, उंच, पँट खांद्यावरच्या पट्ट्यांनी धरलेली. जेवण कधी, हा त्यांचा एकच प्रश्न असायचा, आणि दर खेपेला मी त्यांना सेलरीचा एक तुकडा देऊन परत पाठवायचे. तिसऱ्यांदा ते म्हणाले की सेलरी ही सशांची गोष्ट आहे.

दोनच शक्यता होत्या. त्याचा थर्मामीटर बरोबर असेल, तर टर्की छान शिजेल, टाळ्या पडतील आणि सोमवारी मी सामान बांधायला लागेन. माझा बरोबर असेल, तर सेल्सियसचे ते सहा अंश फॅरनहाइटमध्ये जवळपास अकरा होतात, आणि त्याचा एकशे पासष्ट हा खरा एकशे चौपन्न असेल. एकशे चौपन्नला मोठ्या पक्ष्याची छाती कशीबशी होते. मांडी होत नाही. सांध्याशी रक्त राहतं. कोंबडी ज्याने कधी फोडली आहे, त्याला हे आकड्याशिवाय कळतं.

संध्याकाळ झाली. पाहुणे बाहेरच्या खोलीत आले होते, लॅबमधले चौघे आणि शेजारचं एक जोडपं. निनादने टर्की अर्धी बाहेर ओढली, कागदावरच्या चित्राप्रमाणे मांडीत सुई खुपसली, बघितलं, परत आत ढकलली. थोड्या वेळाने पुन्हा. मग तो सरळ उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना हाक मारली.

स्वयंपाकघर भरून गेलं. हेलन प्लास्टरचा हात छातीशी धरून पुढे उभी होती. निनादने सुई आत घातली, आकडा स्थिर होईपर्यंत थांबला.

‘‘एकशे पासष्ट पूर्णांक दोन.’’

टाळ्या झाल्या. अर्ल म्हणाले, ‘‘आता हे आम्हाला टर्कीही दशांशात खायला लावणार.’’ सगळे हसले. हेलनने निनादच्या पाठीवर डावा हात ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. नवऱ्याची आठवण झाली असणार.

सगळे बाहेर गेल्यावर मी फडक्याने टर्कीच्या तंगडीचं टोक धरलं आणि हलकेच फिरवून बघितलं. शिजलेली तंगडी सांध्यात सैल होते, हातात आल्यासारखी वाटते. ही हलली नाही.

मी फडकं खाली ठेवलं.

एक अडचण होती. ओव्हनमधून काढलेला मोठा पक्षी झाकून ठेवला तर बाहेरची उष्णता आत सरकत राहते आणि मधलं तापमान चढतं. कागदावर लिहिलं होतं की अर्धा तास झाकून ठेवावा. निनाद कागदाबाहेर जाणारा नव्हता, त्याने अ‍ॅल्युमिनियमची फॉइल फाडायला घेतली होती. अर्ध्या तासात किती चढेल, हे मला सांगता येत नव्हतं. कदाचित पुरेसं.

मी बाहेर गेले आणि अर्लच्या खुर्चीशी वाकून म्हटलं की झालीय, फक्त विनाकारण झाकून ठेवताहेत.

पुढचं त्यांनी केलं. काटा टेबलावर आपटत ते म्हणाले की मरायच्या आधी एकदा जेवायला मिळालं तर बरं होईल. हेलन हसून उठली. टर्की पांढऱ्या लांबट थाळीत घालून टेबलाच्या मध्यावर आणली गेली. मी अर्लच्या शेजारची खुर्ची घेतली. त्यांच्या पोटात एक घासही जाऊ द्यायचा नाही, एवढं मी आधीच ठरवलं होतं.

टर्की ज्याने केली त्यानेच ती कापायची, असा त्या घरचा मान. हेलनने लांब सुरी मुठीची बाजू पुढे करून निनादसमोर धरली. त्याने ती घेतली, आणि माझ्याकडे झुकून मराठीत म्हणाला, ‘‘तू कापतेस का गं? मला जरा...’’

‘‘नको, दादा. मान तुमचा आहे.’’

त्याने मांडी आणि धड यांच्यामधल्या खाचेत सुरी घातली आणि दाबली. ती अडली. त्याने जोर केला. सांधा उघडला आणि आतून गुलाबी पाणी थाळीभर पसरलं. हाडाजवळचं मांस लाल आणि चकचकीत होतं. सारणाचा खालचा थर त्या पाण्यात भिजला.

शेजारच्या बाईंनी पुढे केलेली ताटली मागे घेतली. निनादला मात्र काहीच दिसलं नाही. त्याला वाटलं असावं, मांस आहे, लालच असणार. त्याने एक जाडसा तुकडा काट्यावर घेतला, अर्लच्या ताटलीत ठेवला आणि हसून म्हणाला, ‘‘छान रसरशीत झालीय.’’

अर्लनी तुकड्याकडे बघितलं, मग निनादकडे. ‘‘पोरा, हिला पंख परत लावले तर ही उडेल.’’

मी त्यांच्यापुढची ताटली उचलून माझ्याकडे घेतली. हेलन उठून थाळीजवळ आली. डाव्या हाताने तिने सांधा जरा फाकवून बघितला.

‘‘किती आला होता?’’

‘‘एकशे पासष्ट पूर्णांक दोन,’’ निनाद म्हणाला. ‘‘तुम्ही सगळे होतात.’’

‘‘होतो. म्हणून विचारतेय.’’

आता त्याला कळलं. तो पटापट बोलू लागला. टर्की मधोमध गोठलेलीच राहिली असेल. ओव्हन एका बाजूला कमी तापत असेल. हेलन तीस वर्षं मोजमापं करत होती. तिला आठवण करून द्यावी लागली नाही.

‘‘गोठलेली असती,’’ ती म्हणाली, ‘‘तर आकडा कमी यायला हवा होता. सुई तर मांडीतच होती, मी बघितली.’’ मग तिचा आवाज बदलला. ‘‘निनाद, हा तोच ना? ज्याने तू एन्झाइमचं तापमान मोजलंस?’’

त्याने खिशातल्या थर्मामीटरवर हात ठेवला. तो माझ्याकडे वळला. लॅबमध्ये चार लोक असताना आम्ही आपसात मराठी बोलायचो नाही, ते त्यानेच शिकवलं होतं, वाईट दिसतं म्हणून. आता तो मराठीतच बोलला, खालच्या आवाजात, ओठ फारसे न हलवता.

‘‘प्रांजल, इथे नको. सगळ्यांसमोर नको. उद्या लॅबमध्ये बघू, मी तिला स्वतः सांगतो. तुझं नाव पहिलं घालतो पेपरवर. प्लीज.’’

सगळे आमच्याकडे बघत होते. हेलनने विचारलं, काय म्हणतोय तो?

गेली दोन सेमिस्टरं मी ज्या वाक्याची वाट बघत होते, ते त्याने स्वतः मला आणून दिलं होतं, आणि त्या घरात ते कळणारी मी एकटीच होते. मी सावकाश, प्रत्येक शब्द नीट लावून, इंग्रजीत सांगितलं. ‘‘तो म्हणतोय, इथे सगळ्यांसमोर नको. उद्या लॅबमध्ये बघू. तो तुम्हाला स्वतः सांगेल, आणि पेपरवर माझं नाव पहिलं घालेल.’’

निनादचे कान लाल झाले. शेजारच्या बाईंनी रुमालाची घडी घातली, परत उलगडली.

‘‘उद्या कशाला?’’ हेलन म्हणाली.

‘‘घरात बर्फ आहे,’’ मी म्हटलं.

ती फ्रीजपाशी गेली. दारातल्या यंत्राखाली काचेचा उंच ग्लास धरून तिने डाव्या हाताने बर्फाचा चुरा काठोकाठ भरला, नळाखाली धरून त्यात जेमतेम बुडेल एवढं पाणी घातलं. ग्लास टेबलावर टर्कीच्या थाळीशेजारी ठेवला. कोणीतरी चमचा दिला. तिने ढवळलं.

मी पर्स उघडली आणि हातरुमालात गुंडाळलेला माझा थर्मामीटर काढला. निनादने तो बघितला, मग मला बघितलं. माझा थर्मामीटर माझ्याबरोबर तिथे का आला होता, हे तेव्हा त्याला समजलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. विमानतळावर माझी जड बॅग पहिल्यांदा उचलताना जसा चेहरा झाला होता, वजनाचा अंदाज चुकल्यासारखा, तसा झाला होता.

‘‘आगाशे,’’ हेलन म्हणाली. तिने त्याला आडनावाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. ‘‘तुझाही.’’

त्याने खिशातून थर्मामीटर काढला. सुई पुसली. बटण दाबून आकडे सेल्सियसमध्ये आणले. दोन्ही सुया एकाच ग्लासात, एकाच खोलीवर, काचेला न टेकवता धरायच्या होत्या. एक त्याने धरली, एक मी. हेलन ढवळत राहिली. दोन्ही पडद्यांवरचे आकडे भराभर उतरले, मग सावकाश, मग थांबले. अर्ल पुढे वाकून बघत होते.

‘‘आपल्याकडे मोठ्याने वाचतात,’’ हेलन निनादला म्हणाली. ‘‘आधी तिचा.’’

‘‘शून्य पूर्णांक एक,’’ निनादने वाचलं.

‘‘तुझा.’’

‘‘सहा पूर्णांक दोन.’’